क्रूशिएट अस्थिबंध शस्त्रक्रिया (कुत्रा)

क्रूशिएट अस्थिबंध शस्त्रक्रिया ही कुत्र्याच्या मागील पायाच्या गुडघ्यातील अग्र क्रूशिएट अस्थिबंध झिजून तुटल्यावर त्या सांध्याला पुन्हा स्थैर्य मिळावे म्हणून केली जाणारी शस्त्रक्रिया होय. कुत्रा मागच्या पायाने लंगडू लागण्याच्या सर्वांत सामान्य कारणांत या विकाराची गणना होते. शस्त्रक्रियेच्या अनेक पद्धती असून मध्यम व मोठ्या आकाराच्या कुत्र्यांसाठी नडगीच्या हाडाचा उतार बदलणारी ‘टीपीएलओ’ ही पद्धत आज विशेष प्रचलित आहे. या शस्त्रक्रियेला साधारणपणे एक ते दोन तास लागतात; कापलेले हाड सांधण्यास मात्र आठ ते बारा आठवडे लागतात आणि हा बहुतेक सर्व काळ कुत्रा रुग्णालयात नसून घरी असतो. त्यामुळे उपचाराचे यश शल्यचिकित्सकाच्या कौशल्याइतकेच घरातील माणसांच्या संयमावर अवलंबून राहते.

सांध्याची रचना

कुत्र्याचा गुडघा कोठे आहे याविषयी सामान्यतः गैरसमज आढळतो. मागच्या पायाचा जो सांधा मागच्या बाजूला टोकदार दिसतो व ‘उलटा वळतो’ असे वाटते, तो गुडघा नसून घोटा आहे. गुडघा त्याच्या वर, पोटाच्या जवळ असतो आणि माणसाच्या गुडघ्याप्रमाणे पुढच्या बाजूसच वळतो.

या सांध्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर टेकलेले असते. सांध्याच्या आत दोन चिवट तंतुमय दोर एकमेकांना फुलीप्रमाणे छेदून जातात. त्यांना क्रूशिएट अस्थिबंध म्हणतात. हे नाव ‘क्रूस’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पडले असून मराठीत रुळलेला क्रूस हा शब्दही पोर्तुगीजमार्गे त्याच मुळापासून आला आहे. दोन दोरांपैकी पुढचा, म्हणजे अग्र अस्थिबंध, नडगीचे हाड पुढे सरकू देत नाही, त्याला आतल्या बाजूस वळू देत नाही आणि गुडघा प्रमाणाबाहेर ताठ होऊ देत नाही. दोन हाडांच्या मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. त्या गादीसारखे काम करतात. अस्थिबंध तुटल्यावर हाडे एकमेकांवर घसरू लागली की आतल्या बाजूची कूर्चा त्यांच्यात चेंगरून फाटते, आणि वेदनेचा बराचसा भाग या फाटलेल्या कूर्चेचा असतो.

माणूस उभा असताना त्याचा गुडघा जवळजवळ सरळ असतो. कुत्रा उभा असताना त्याचा गुडघा वाकलेलाच असतो. शिवाय कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग सपाट नसून मागच्या बाजूस उतरता असतो. हा उतार अनेक कुत्र्यांत २२ ते २५ अंशांच्या आसपास भरतो. उतारावर उभी केलेली हातगाडी जशी दोराने बांधून ठेवावी लागते, तसे मांडीचे हाड या उतारावरून मागे घसरू नये म्हणून अग्र अस्थिबंधाला प्रत्येक पावलागणिक ताण सोसावा लागतो. दोर तुटला की प्रत्येक पावलाला नडगीचे हाड पुढे ढकलले जाते. शस्त्रक्रियेच्या आधुनिक पद्धती समजून घेण्यासाठी एवढी एक गोष्ट ध्यानात आली तरी पुरेसे आहे.

कारणे

खेळाडूंच्या गुडघ्यातील असाच अस्थिबंध बहुधा एखाद्या क्षणी, एखाद्या झटक्याने तुटतो. कुत्र्यांत तसे क्वचित घडते. त्यांच्यात अस्थिबंधाचे तंतू महिनोन्महिने झिजत जातात, आधी अर्धवट तुटतात आणि मग सोफ्यावरून उतरण्यासारख्या किरकोळ हालचालीत उरलेला धागाही सुटतो. घरच्यांना तोच क्षण दिसतो आणि ‘उडी मारल्यामुळे पाय गेला’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात उडी हे केवळ निमित्त असते. पायावर जिन्यात किंवा अंगणात लक्ष ठेवले नाही म्हणून एकमेकांना दोष देणाऱ्या कुटुंबांनी ही बाब लक्षात घेणे योग्य ठरेल.

रॉटवायलर, न्यूफाउंडलंड, लॅब्राडोर रिट्रीव्हर या जातींत हा विकार अधिक आढळतो. ग्रेहाउंडमध्ये तो विरळा आहे. यावरून आनुवंशिकतेचा वाटा स्पष्ट होतो. जादा वजन हे दुसरे मोठे कारण होय. लहान जातींत वाटी जागेवरून सरकण्याचा विकार असल्यास अस्थिबंधावरील ताण वाढतो. मोठ्या जातींच्या पिलांचे निर्बीजीकरण फार लवकर केल्यास धोका वाढतो असे काही अभ्यासांत दिसून आले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांविषयी २०१३ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास यासंदर्भात नेहमी उल्लेखिला जातो. हा मुद्दा घरात पाळलेल्या मोठ्या जातींपुरता आहे. रस्त्यावरील कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाविरुद्धचा युक्तिवाद म्हणून तो वापरणे गैर आहे.

लक्षणे व निदान

अर्धवट तुटलेल्या अवस्थेत कुत्रा झोपेतून उठल्यावर काही पावले लंगडतो व चालू लागल्यावर बरा दिसतो. बसताना तो दुखरा पाय अंगाखाली न घेता बाजूला पसरून बसतो. पूर्ण तुटल्यावर तो पाय उचलून धरतो किंवा केवळ बोटे टेकवतो. काही आठवड्यांत त्या बाजूची मांडी बारीक होते आणि गुडघ्याच्या आतल्या अंगाला हाताला लागेल असा टणक फुगवटा येतो. चालताना ‘कट्’ असा आवाज येत असल्यास कूर्चा फाटल्याचा संशय घेतला जातो.

निदान मुख्यतः हातांनी होते. पशुवैद्य एका हाताने मांडीचे हाड स्थिर धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे सरकते का ते पाहतात. टेबलाचा खण ओढावा तशी ही हालचाल असल्याने तिला ‘ड्रॉवर चाचणी’ असे नाव पडले आहे. बलदंड किंवा घाबरलेला कुत्रा पाय ताठ धरतो. अशा वेळी गुंगीचे औषध देऊन तपासणी करावी लागते. क्ष-किरण चित्रात अस्थिबंध दिसत नाही. सांध्यात साचलेले पाणी, हाडांच्या कडांना आलेली काट्यासारखी वाढ आणि शस्त्रक्रियेसाठी मोजावयाचा उताराचा कोन मात्र त्यातून समजतो.

भारतात निदान करताना एक खबरदारी आवश्यक ठरते. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या एर्लिकिओसिससारख्या आजारांतही सांधे सुजतात व कुत्रा लंगडतो. याच आजारात रक्तातील प्लेटलेट कमी होत असल्याने शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तस्राव आटोक्यात न येण्याची भीती असते. म्हणून भूल देण्यापूर्वीच्या रक्ततपासणीत यकृत व मूत्रपिंडाबरोबर प्लेटलेटची संख्याही पाहिली जाते. ही तपासणी खर्च वाचविण्यासाठी टाळण्याजोगी नाही.

शस्त्रक्रिया करावी की नाही

हा प्रश्न प्रत्येक पाळणाऱ्यापुढे उभा राहतो आणि त्याचे उत्तर कुत्र्याच्या वजनावर बरेच अवलंबून असते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शस्त्रक्रियेविना सांभाळलेल्या ८५ कुत्र्यांचा मागोवा घेण्यात आला. १५ किलोपर्यंत वजन असलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ८५ टक्के कुत्रे सुधारले. त्याहून जड कुत्र्यांत मात्र हे प्रमाण एक-पंचमांशाहूनही कमी भरले. पुढे कित्येक वर्षे ‘लहान कुत्र्याला विश्रांती, मोठ्याला शस्त्रक्रिया’ असा सरधोपट नियम त्यावरून चालत आला.

२०१३ सालच्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासाने या चित्रात भर घातली. त्यात जादा वजनाच्या कुत्र्यांचे दोन गट करून एकावर टीपीएलओ शस्त्रक्रिया करण्यात आली, तर दुसऱ्यावर केवळ वजन घटविणे, औषधे व व्यायाम हे उपाय योजण्यात आले. वर्षाअखेर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुत्र्यांत उपचार यशस्वी ठरला. शस्त्रक्रिया न झालेल्यांतही हे प्रमाण दोन-तृतीयांशाच्या जवळ होते. शस्त्रक्रिया सरस ठरली, हे खरे. परंतु ज्यांना ती परवडत नाही किंवा ज्यांचा कुत्रा भूल सोसण्याजोगा नाही, त्यांच्यापुढे केवळ लंगडेपण उरते असे म्हणता येत नाही. वजन घटविणे हा गरिबाचा उपाय नव्हे, तो दोन्ही मार्गांचा समान भाग आहे. तथापि कूर्चा फाटलेली असल्यास विश्रांतीने ती बरी होत नाही. सतत दुखणाऱ्या जड कुत्र्याबाबत शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहण्याने सांध्याची झीज वाढते.

पद्धती व त्यांचा इतिहास

फिनलंडचे साकी पात्सामा यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील आपल्या प्रबंधात हाडांना छिद्रे पाडून त्यांतून मांडीवरील चिवट आवरणाची पट्टी ओवण्याची आणि तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी ती बसविण्याची पद्धत मांडली. आधुनिक शस्त्रक्रियेचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो. १९७० च्या दशकात सांध्याच्या आत न शिरता बाहेरच्या अंगाने मजबूत टाके घालून गुडघा आवळून धरण्याची पद्धत रूढ झाली. नायलॉनच्या जाड धाग्याने केली जाणारी ही शस्त्रक्रिया आजही लहान कुत्र्यांत केली जाते. तिला लागणारी साधने थोडी असल्याने ती स्वस्त पडते. धागा कालांतराने सैल होतो किंवा तुटतो. तोवर सांध्याभोवती तयार झालेली तंतुमय ऊती गुडघा सांभाळील, अशी यामागील कल्पना आहे.

अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या यूजीन या गावी व्यवसाय करणारे पशुशल्यचिकित्सक बार्कले स्लोकम यांनी प्रश्नाची बाजूच बदलली. तुटलेला दोर पुन्हा बांधण्याऐवजी दोराची गरजच पडू नये, यासाठी त्यांनी उतार काढून टाकण्याचा विचार केला. प्रथम, १९८४ मध्ये, त्यांनी नडगीच्या हाडातून पाचर काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि १९९३ मध्ये टीपीएलओ. या पद्धतीत अर्धवर्तुळाकार करवतीने नडगीच्या हाडाचा वरचा भाग कापतात, ठरलेल्या मापाने तो फिरवितात आणि उतार सुमारे पाच अंशांवर आणून धातूची पट्टी व स्क्रू यांनी हाड पक्के करतात. अस्थिबंध तुटलेलाच राहतो. मांडीचे हाड घसरत नाही, कारण घसरण्यासाठी उतार उरत नाही. स्लोकम यांनी या पद्धतीचे पेटंट घेतले होते आणि आरंभीच्या काळात त्यांच्याकडे प्रशिक्षण घेतलेल्या शल्यचिकित्सकांनाच ती करता येत असे. तिच्या प्रसाराला त्यामुळे काही काळ मर्यादा पडली.

२००० नंतर झुरिक येथे विकसित झालेली ‘टीटीए’ ही पद्धत याच तत्त्वावर वेगळ्या मार्गाने जाते. तीत नडगीच्या पुढचा उंचवटा कापून पुढे सरकवितात. टाक्यांची पद्धत व टीपीएलओ यांची तुलना करणाऱ्या, ८० कुत्र्यांवर झालेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टीपीएलओ झालेल्या कुत्र्यांची चाल अधिक चांगली आढळली आणि त्यांचे मालकही अधिक समाधानी होते.

शस्त्रक्रियेच्या वेळी सांध्यात पाहून कूर्चेची स्थिती तपासतात व फाटलेला भाग काढून टाकतात. पट्टी व स्क्रू सहसा जन्मभर आत राहतात. संसर्ग झाला तरच काढावे लागतात.

घरातील काळजी

कुत्रा घरी येतो तेव्हा त्याचा पाय सुजलेला, केस भादरलेले आणि चेहरा गुंगीतला असतो. पहिल्या रात्री तो कण्हत राहिल्यास त्यामागे वेदनेइतकीच भुलेच्या औषधांची उतरती गुंगीही असते. दोन-तीन दिवस शौचास न होणे हेही बहुधा औषधांमुळे व उपासामुळे घडते. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यात सूज गुडघ्यावरून उतरून घोट्याशी साचते आणि तेथे मऊ पिशवीसारखा फुगवटा दिसतो. पाळणारे यामुळे घाबरतात. परंतु ते गुरुत्वाकर्षणाने खाली उतरलेले पाणी असून काही दिवसांत शोषले जाते. पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावल्याने सूज व वेदना कमी होतात.

जखमेचे टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. तोपर्यंत कुत्र्याला जखम चाटू न देणे अत्यावश्यक असते. ‘कुत्र्याची जीभ औषधी असते’ हा समज येथे घातक ठरतो, कारण चाटण्याने टाके सुटतात आणि तोंडातील जंतू थेट धातूच्या पट्टीपर्यंत पोहोचू शकतात. त्यासाठी गळ्यात शंकूच्या आकाराची संरक्षक पट्टी बांधतात. ती घातलेला कुत्रा दारांना धडकतो, केविलवाणा दिसतो आणि घरातील कोणीतरी ‘थोडा वेळ काढू या’ म्हणून ती काढतो; टाके सुटण्याची घटना बहुतेकदा याच थोड्या वेळात घडते. जखमेवर हळद, तेल किंवा घरगुती मलम लावू नये. टाके निघेपर्यंत आंघोळ घालू नये. पावसाळ्यात बाहेर नेऊन आणल्यावर पाय कोरडा करावा.

वेदनाशामक औषधे सांगितलेल्या मात्रेतच, अन्नाबरोबर द्यावी लागतात. मेलॉक्झिकॅम, कार्प्रोफेन ही कुत्र्यांसाठी नेहमी वापरली जाणारी औषधे आहेत. उलटी, जुलाब, काळी विष्ठा किंवा अन्नावरची वासना जाणे यांपैकी काही दिसल्यास औषध थांबवून पशुवैद्यांना कळविणे आवश्यक असते. माणसांच्या गोळ्या देणे अत्यंत धोक्याचे आहे. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्यांच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ साली बंदी आली. तिचे कारण वेगळे होते. हे औषध दिलेल्या गुरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मरत होती.

जागा हा पुढचा प्रश्न. महाराष्ट्रातील शहरी घरांत सिरॅमिक किंवा ग्रॅनाइटच्या गुळगुळीत फरश्या असतात. निरोगी कुत्राही त्यांवर घसरतो. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या वाटेवर रबरी पट्ट्या किंवा कडा न गुंडाळणाऱ्या सतरंज्या घालाव्या लागतात. सुटी गोधडी पायाखालून सरकते, म्हणून ती केवळ झोपण्याच्या जागी चालते. कुत्र्याला उभे राहून वळता येईल एवढ्या पिंजऱ्यात किंवा अडसर लावून केलेल्या कोपऱ्यात ठेवतात. पलंग, सोफा व जिना हे तिन्ही बंद. लिफ्ट नसलेल्या इमारतीत मोठ्या कुत्र्याला उचलून नेण्यास दोन माणसे लागतात, आणि ही सोय शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्यापूर्वीच करून ठेवलेली बरी. बाहेर चालविताना पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे, जुना पंचा किंवा टॉवेल घालून त्याची दोन्ही टोके वर धरतात. त्याने कुत्र्याला उचलावयाचे नसते; तो घसरलाच तर सावरावयाचे असते.

तारीख ठरविताना सणांचाही विचार करावा लागतो. फटाक्यांच्या आवाजाने बिथरून उसळणाऱ्या कुत्र्यासाठी दिवाळीच्या आधीचे पाच-सहा आठवडे ही शस्त्रक्रियेची चांगली वेळ नव्हे.

पहिले दोन आठवडे कुत्र्याला केवळ शी-शूसाठी, आखूड दोरीला बांधून, सुमारे पाच मिनिटे बाहेर नेतात. बहुतेक कुत्रे काही दिवसांत बोटे टेकवू लागतात. त्यानंतर दर आठवड्याला फेरीची वेळ थोडी थोडी वाढविली जाते. चाल मुद्दाम संथ ठेवावी लागते. जलद चालणारा कुत्रा दुखरा पाय उचलून तीन पायांवर पळतो. संथ चालताना त्याला चौथा पाय टेकवावाच लागतो. यासाठी उपकरण लागत नाही, वेळ लागतो. पशुवैद्यांनी दाखविल्याप्रमाणे पडल्या जागी गुडघा हलके वाकविणे व सरळ करणे, नंतरच्या टप्प्यात बसून उठण्याचा व्यायाम आणि सोय असल्यास पाण्यातील पट्ट्यावर चालविणे यांनी मांडीचा स्नायू पुन्हा भरतो.

सर्वांत धोक्याचा काळ तिसऱ्या ते आठव्या आठवड्याचा असतो. वेदना गेलेली असते, जखम भरलेली असते, कुत्रा चारही पायांवर चालतो आणि शेपटी हलवीत दोरी ओढतो. हाड मात्र अद्याप पूर्ण सांधलेले नसते. कुत्र्याला हे कळण्याचा मार्ग नाही. पाळणाऱ्याला कळते, पण त्याच वेळी दोन महिने कोंडून ठेवलेल्या प्राण्याची दयाही येत असते. दाराची घंटा वाजली, समोरून मांजर गेली, पाहुण्यांच्या मुलाने चेंडू टाकला, अशा एखाद्या उसळीत स्क्रू सैल होतात किंवा नडगीचा पुढचा उंचवटा मोडतो आणि शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते. म्हणून या काळात घरातही दोरी सोडत नाहीत. अतिशय चंचल कुत्र्यांना शांत ठेवण्यासाठी ट्रॅझोडोनसारखे औषध पशुवैद्य देऊ शकतात. ते मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. लपवून ठेवलेले खाणे हुंगून शोधणे, आत खाणे भरलेले रबरी खेळणे चघळणे अशा बैठ्या कामांनीही कुत्र्याचा दिवस जातो.

सुमारे आठव्या आठवड्यात पुन्हा क्ष-किरण चित्र काढतात. हाड सांधल्याचे त्यात दिसल्यानंतरच चढ, जिना व लांब फेऱ्या यांना टप्प्याटप्प्याने परवानगी मिळते. मोकळे धावण्यास साधारण चार ते सहा महिने जातात. हे चित्र न काढता ‘आता बराच चालतो’ एवढ्यावरून दोरी सोडणे, ही खर्च वाचविण्याची सर्वांत महाग रीत आहे.

आहाराकडे याच काळात दुर्लक्ष होते. हालचाल थांबल्याने कुत्र्याची भूक नव्हे, गरज कमी होते. मराठी घरांत आजाऱ्याला आग्रहाने खाऊ घालण्याची रीत असल्याने तुपाची पोळी, दूध आणि ग्लुकोजची बिस्किटे वाढत जातात आणि दोन महिन्यांत वजन दोन-तीन किलोंनी चढते. सांध्याच्या दृष्टीने हे नुकसान मोठे आहे. फासळ्या डोळ्यांना उठून दिसू नयेत, पण हात फिरविताच बोटांना सहज लागाव्यात, ही योग्य वजनाची सोपी खूण मानली जाते.

वर सांगितलेले विश्रांतीचे नियम हाड कापून पट्टी बसविलेल्या गुडघ्यासाठी आहेत. खुब्याच्या सांध्यातील मांडीच्या हाडाचे डोके काढून टाकण्याची जी शस्त्रक्रिया केली जाते, तीत उलट कुत्र्याने लवकरात लवकर पाय वापरावा अशी अपेक्षा असते. एका कुत्र्याचा अनुभव दुसऱ्याला सांगताना शस्त्रक्रिया कोणती झाली होती, हे आधी विचारावे लागते.

गुंतागुंत व दुसरा पाय

जखमेतून पाणी किंवा पू येणे, टाके उघडणे, ताप येणे आणि पाय टेकवू लागलेल्या कुत्र्याने तो अचानक पुन्हा उचलून धरणे ही तातडीने पशुवैद्यांकडे नेण्याची लक्षणे आहेत. शेवटच्या लक्षणामागे संसर्ग, सैल झालेला स्क्रू किंवा नंतर फाटलेली कूर्चा यांपैकी काही असू शकते. शस्त्रक्रियेने गुडघा स्थिर होतो. आधीच सुरू झालेला संधिवात नाहीसा होत नाही. थंडीत किंवा दीर्घ विश्रांतीनंतर थोडा ताठरपणा जन्मभर राहू शकतो.

मूळ विकार झिजेचा असल्याने तो एका पायापुरता राहीलच असे नसते. एका गुडघ्यातील अस्थिबंध तुटलेल्या कुत्र्यांपैकी दुसऱ्याही गुडघ्यात तेच घडणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या अभ्यासांत एक-तृतीयांशापासून निम्म्याहून अधिक आढळले आहे. पहिल्या शस्त्रक्रियेसाठी पैसे व रजा यांचे नियोजन करताना ही शक्यता पशुवैद्यांनी आधीच सांगणे आणि कुटुंबाने ती ऐकून घेणे इष्ट आहे.

महाराष्ट्रात

राज्यातील पशुवैद्यकीय शिक्षणाची परंपरा मुंबईतील परळ येथे १८८६ साली सुरू झालेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयापासून चालत आली आहे. हे महाविद्यालय आता नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. २०२४ साली महालक्ष्मी येथे टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय सुरू झाले. हाडांच्या शस्त्रक्रिया करणारे शल्यचिकित्सक प्रामुख्याने मोठ्या शहरांत असल्याने लहान गावांतील पाळणाऱ्यांना शस्त्रक्रियेसाठी प्रवास करावा लागतो. त्यानंतर टाके काढणे, जखम पाहणे ही कामे गावातील पशुवैद्य करू शकतात, मात्र त्यांना शस्त्रक्रियेचा अहवाल व क्ष-किरण चित्रे सोबत द्यावी लागतात.

रस्त्यावरील कुत्र्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. देणग्यांतून शस्त्रक्रियेचा खर्च उभा राहतो, कधी शल्यचिकित्सक मोबदला घेत नाहीत. परंतु मोकळ्या जगण्याची सवय असलेल्या कुत्र्याला दोन-तीन महिने बंद जागेत ठेवून दिवसातून चार वेळा दोरीने फिरविणारे घर मिळणे कठीण जाते. असे घर आधी ठरलेले नसेल, तर हाड कापण्याची शस्त्रक्रिया न करता वेदनाशामके, मर्यादित हालचाल आणि शक्य तेथे बाहेरून टाके घालण्याची पद्धत यांवर भागविण्याचा निर्णय अनेक पशुवैद्य घेतात.